इंजिन वाढवण्याआधी

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं गाव, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरचं. पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. शिवार काळ्या मातीचं, पीक मुख्यतः कापूस, तूर आणि सोयाबीन. अशा शिवारात रेडिओवर चालणारं मॉडेल विमान उडवायचं असेल तर त्याला किती ताकदीचं इंजिन लावावं, हा या लेखाचा विषय आहे. नागपूरच्या एनसीसी एअर स्क्वाड्रनमध्ये एअरोमॉडेलिंग शिकलेला किंवा सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारा एखादा तरुण सुट्टीत गावी आला, की हा प्रश्न त्याच्यापुढे हमखास उभा राहतो. विमान नागपूरच्या मैदानावर नीट उडालेलं असतं आणि मे महिन्यात घरच्या वावरातून मात्र जमीन सोडत नाही. त्याचा पहिला विचार असतो, इंजिन मोठं घ्यावं. त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून मांडायला हवं, कारण त्यात बरंच तथ्य आहे. म्हणून लेखाला संवादाचं रूप दिलं आहे. वाद काल्पनिक आहे, त्यातले आकडे आणि घटना मात्र खऱ्या आहेत. दोघांपुढचं विमान नेहमीचं शिकाऊ जातीचं आहे: पंखांचा विस्तार साधारण दीड मीटर, इंधनासह वजन अडीच किलो आणि नाकावर ०.४६ घन इंचाचं, म्हणजे साडेसात सीसीचं ग्लो इंजिन. छंदातली मंडळी त्याला नुसतं 'फॉर्टी सिक्स' म्हणतात.

तरुण: काका, माझं म्हणणं सरळ आहे. फॉर्टी सिक्सच्या जागी सिक्स्टी वन बसवावं. ते दहा सीसीचं असतं. फॉर्टी सिक्स सुमारे १.६ अश्वशक्ती देतं, सिक्स्टी वन दोनच्या आसपास. म्हणजे चौथाई ताकद जास्त. विमान जोरात धावेल, लवकर उठेल आणि वारा आला तर त्याला पुरून उरेल. ताकद शिल्लक असली तर बिघडतं काय? थ्रॉटल माझ्या हातात आहे. नको तेव्हा कमी करीन.

लेखक: आधी ताकद कशाला लागते ते पाहू, कारण तुझ्या हिशेबात 'जोरात' आणि 'लवकर' या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. विमान सरळ रेषेत, एकाच उंचीवर उडत असतं तेव्हा इंजिनाचं काम फक्त हवेचा अडथळा तोडण्याचं असतं. अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाप्रमाणे. म्हणजे वेग दुप्पट करायला शक्ती आठपट लागते. उलटीकडून पाहिलं तर शक्ती दुप्पट केली तरी वेग जेमतेम २६ टक्क्यांनी वाढतो. तू सांगतोस ती चौथाई वाढ वेगात फार तर आठ टक्के भर घालील, तीही वजन वाढलं नाही असं धरून. आता हे अडीच किलोचं विमान सेकंदाला १५ मीटर वेगाने नुसतं तरंगतं ठेवायला किती शक्ती लागते? अशा विमानाला उचल देणारं बल अडथळ्याच्या साधारण सातपट असतं. तसं धरलं तर अडथळा साडेतीन न्यूटन होतो आणि तो तोडायला पन्नास-पंचावन्न वॅट पुरतात. प्रोपेलरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली तरी इंजिनाच्या दांड्यावर शंभर वॅटच्या आसपास. तुझं फॉर्टी सिक्स कमाल आकड्याला हजाराच्या वर वॅट देतं, आणि नेहमीच्या प्रोपेलरवर अकरा हजार फेऱ्यांना त्यातले सातशे-आठशे प्रत्यक्ष मिळतात. म्हणजे उडत राहण्यासाठी आजच तुझ्याकडे सात-आठपट शक्ती आहे. 'विमानात ताकद कमी आहे' हे वाक्य त्यामुळे अर्धवट ठरतं. कमी पडतंय ते नेमकं कुठे, धावताना, चढताना की वळताना, ते कळल्याशिवाय इंजिनाच्या दुकानात जाऊ नये.

तरुण: वेग मला नकोच आहे. माझं विमान जमीन सोडत नाही, अडचण ती आहे. नागपूरला डिसेंबरात हेच विमान चाळीस पावलांत उठत होतं. आमच्याकडे डिसेंबरात वावर मोकळं कुठे असतं? पऱ्हाटी उभी, तूर उभी, बाजूला गहू-चणा. कापसाच्या वेचण्या संपून पऱ्हाट्या उपटल्या जातात तोवर फेब्रुवारी-मार्च उजाडतो. जागा मोकळी होते तेव्हा ऊन चढलेलं असतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गरम हवा पातळ असते हे तुम्हीच मान्य कराल. पातळ हवेत इंजिनाला दम कमी, मग मोठं इंजिन नको का?

लेखक: इथे तू खऱ्या अडचणीवर बोट ठेवलंस. वडनेरच्या विमानाचा पेच हाच आहे. हवा चांगली असते तेव्हा जागा नसते आणि जागा असते तेव्हा हवा चांगली नसते. पुण्या-मुंबईच्या मैदानांवरचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. हा पेच आकड्यांत मांडू. हे शिवार समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आतबाहेर आहे. डिसेंबरच्या सकाळी बारा अंश तापमान असताना एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२१ किलो भरतं. मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांना तेच १.०७ किलोवर येतं, म्हणजे बारा टक्के घट. विमानशास्त्राच्या प्रमाणित तक्त्यात इतकी विरळ हवा चौदाशे मीटर उंचीवर सापडते. महाबळेश्वर साधारण त्याच उंचीवर आहे. थोडक्यात, मे महिन्यातल्या दुपारी वडनेरच्या काळ्या रानातून विमान उडवणारा माणूस हवेच्या दृष्टीने महाबळेश्वरच्या पठारावर उभा असतो. इंजिन पेट्रोलवर चालो की मिथेनॉलवर, त्याला प्रत्येक फेरीत प्राणवायू बारा टक्के कमी मिळतो. विजेच्या मोटरला प्राणवायू लागत नाही, पण तिच्याही प्रोपेलरला पकडायला हवाच कमी असते. इथवर तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पुढची गोष्ट तुझ्या बोलण्यात आली नाही. तीच पातळ हवा पंखांखालीही आहे. उचल हवेच्या घनतेवर अवलंबून असते, म्हणून विमानाला हवेत धरून ठेवणारा किमान वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख स्टॉल होतो तो वेग, डिसेंबरपेक्षा मे महिन्यात सहा टक्क्यांनी जास्त असतो. वेग जास्त गाठायचा आणि ढकलणारा जोर कमी, असं दोन्हीकडून नुकसान झाल्यामुळे धाव पावणेदोन-दोनपट नव्हे, पण एक चतुर्थांशाने तरी लांबते. नागपूरला चाळीस पावलं लागत होती तर इथे पन्नास-बावन्न लागणार, तेही जमीन सारखीच असली तर.

तरुण: मग तर माझाच मुद्दा सिद्ध झाला.

लेखक: अर्धा झाला. मोठ्या इंजिनाने ढकलणारा जोर वाढतो, यात वाद नाही. पण ते इंजिन आपलं वजनही घेऊन येतं आणि ते बसतं नाकावर. सायलेन्सरसह फॉर्टी सिक्स पाचशे ग्रॅमच्या घरात, सिक्स्टी वन सातशेच्या. हे दोनशे ग्रॅम विमानाच्या गुरुत्वमध्यापासून पाऊण हात पुढे लटकणार. नाक जड झालेलं विमान उचलायला एलिव्हेटर सतत वर ओढून धरावा लागतो, उतरताना ते नाकावर आपटू पाहतं. तोल परत आणायला शेपटीत शिसं ठेवावं लागेल. इंजिन अठ्ठावीस सेंटिमीटर पुढे आणि शेपूट पंचाहत्तर सेंटिमीटर मागे धरलं तर पंचाहत्तर ग्रॅम. एकूण वाढ पावणेतीनशे ग्रॅम, म्हणजे विमान अकरा टक्के जड. पंखाचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच आहे. आता जमाखर्च मांडू. शक्ती चौथाई वाढली आणि प्रोपेलर अकरा इंचांवरून बारा इंचांचा केला, तर जागेवर मिळणारा ओढीचा जोर आदर्श हिशेबाने २३ टक्के वाढतो. वजनाने भागलं की दर किलोमागे वाढ उरते अकरा टक्के. ही झाली कमाई. खर्च असा की वजन अकरा टक्के वाढल्याने स्टॉलचा वेग आणखी पाच टक्क्यांनी चढतो, आणि जमिनीवर टेकताना विमानाच्या अंगात असलेली गतिज ऊर्जा २३ टक्क्यांनी वाढते. उठताना अकरा टक्के मिळवायचे आणि उतरताना तेवीस टक्के द्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात मे महिन्याची पातळ हवा धरली तर डिसेंबरातल्या हलक्या विमानाच्या तुलनेत ही ऊर्जा जवळजवळ चाळीस टक्के जास्त होते. ती कुणाला झेलावी लागते? अंडरकॅरेजच्या तारेला, बाल्साच्या फायरवॉलला आणि पंख बांधलेल्या रबरबँडना. काळ्या रानात उन्हाळवाही झाली असेल तर खाली ढेकळं, झाली नसेल तर हात जाईल एवढ्या भेगा. इंजिन कमी म्हणून विमान उडालं नाही तर ते जमिनीवर शाबूत राहतं. वेग जास्त म्हणून नीट उतरलं नाही तर घरी जातं ते पोत्यातून.

तरुण: पण थ्रॉटलचं काय? उतरताना इंजिन मंदच असणार आहे. तेव्हा ते मोठं की छोटं, फरक काय पडतो?

लेखक: थ्रॉटलने ताकद कमी होते, वजन कमी होत नाही. उतरतानाचा वेग वजन, पंख आणि हवा हे तिघे मिळून ठरवतात, त्यात थ्रॉटलचा हात नसतो. शिवाय मोठ्या इंजिनावर मोठा प्रोपेलर असल्याने मंद फेऱ्यांवरही ते विमान पुढे ओढत राहतं. लहान धावपट्टीवर ही ओढ नकोशी होते, विमान जमिनीवरून तरंगत पुढच्या धुऱ्यापर्यंत जातं. दुसरा धोका हवेतला आहे. शिकाऊ विमानाची शेपटी, एलेरॉनचे बिजागर, सर्व्होच्या तारा या एका ठरावीक वेगाच्या अंदाजाने बनवलेल्या असतात. पूर्ण थ्रॉटलवर नाक खाली झालं की जास्त ताकदीचं विमान त्या वेगाच्या पलीकडे क्षणात जातं आणि नियंत्रणाचे पृष्ठभाग फडफडायला लागतात. याला फ्लटर म्हणतात. आधी घर्रकन आवाज येतो आणि पुढच्या सेकंद-दोन सेकंदांत एलेरॉन हातात येतो, तोही विमानाशिवाय. थ्रॉटल आपल्या हातात असतो हे खरं, पण शिकणाऱ्याचा हात घाबरल्यावर काठी पुढे ढकलतो. ताकद शिल्लक ठेवायची असेल तर ती सोसणारं अंगही असायला हवं.

तरुण: सगळा इतिहास तर उलट सांगतो. आपलं मारुत लढाऊ विमान घ्या. कुर्ट टँकसारख्या नामवंत विमान-आखणीकाराने आखणी केली, १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं, अंगकाठी उत्तम होती, आणि मार खाल्ला तो इंजिनात. ठरवलेलं ताकदवान ऑर्फियस मिळालं नाही, साधं ऑर्फियस ७०३ लावावं लागलं आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न स्वप्नच राहिलं. कमी ताकदीचं इंजिन चांगल्या विमानाची माती करतं.

लेखक: मारुतचा दाखला योग्य आहे, आणि तुझ्या बाजूचा याहून बळकट दाखला भारताच्या विमान-इतिहासात मला दिसत नाही. पण तो नीट वाच. मारुतचं अंग मुळातच मोठ्या इंजिनासाठी आखलेलं होतं. इंजिन आखणीपेक्षा कमी पडलं, म्हणून विमान कमी पडलं. तुझ्या शिकाऊ विमानाची आखणी फॉर्टी ते फॉर्टी सिक्ससाठी आहे आणि इंजिन आखणीइतकंच आहे. तुझी स्थिती मारुतची नाही. तुझ्या प्रश्नाशी जुळणारं उदाहरण तेजसचं आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातलं आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडालं. त्याचं इंजिन एफ-४०४, जोर सुमारे ८४ किलोन्यूटन. जास्त ताकद हवी म्हणून एफ-४१४ निवडलं गेलं, ते सुमारे ९८ किलोन्यूटन देतं. वाढ जेमतेम सहावा हिस्सा. पण ते इंजिन जुन्या तेजसमध्ये नुसतं काढून-घालून बसवण्याचा मार्ग धरला गेला नाही. त्याला हवा जास्त लागते म्हणून हवेची वाट मोठी हवी, इंधन जास्त हवं, तोल बदलतो, म्हणून लांबी वाढली, वजन वाढलं, आणि तेजस मार्क २ हे वेगळंच विमान आखावं लागलं. इंजिन बदललं की विमान बदलतं हे तिथले अभियंते गृहीत धरून चालतात. आपण मात्र चार नटबोल्ट सोडून दुसरं इंजिन कसतो आणि विमान तेच राहील असं समजतो.

याहून जुना पुरावा थेट १९०३ सालचा आहे. अमेरिकेत सॅम्युअल लँगली या नामवंत शास्त्रज्ञाकडे सरकारी पैसा होता आणि चार्ल्स मॅनलीने त्याच्यासाठी घडवलेलं इंजिन तब्बल ५२ अश्वशक्तीचं होतं. त्या काळात इतक्या कमी वजनात इतकी ताकद कुणाकडेच नव्हती. ७ ऑक्टोबरला आणि पुन्हा ८ डिसेंबरला ते विमान पोटोमॅक नदीत कोसळलं. सोडणाऱ्या यंत्रणेत विमान अडकलं असं लँगलीच्या बाजूचं म्हणणं, तर सांगाडाच कमजोर होता असं इतरांचं. दुसऱ्या अपघातानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंचं विमान उडालं ते १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर. चौथा हिस्सादेखील ताकद नव्हती. पण राइट बंधूंनी वाऱ्याच्या बोगद्यात पंखांचे नमुने तपासले होते, आणि प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंख आहे हे ओळखून त्याची आखणी गणिताने केली होती. साडेआठ फुटांचे दोन प्रोपेलर त्यांनी सायकलसारख्या साखळ्यांनी सावकाश फिरवले. त्यांची कार्यक्षमता पाऊणच्या आसपास होती, म्हणजे इंजिनाच्या चार भागांतले तीन भाग खरोखर विमान ओढण्यात लागत होते. लँगलीने ताकद विकत घेतली, राइट बंधूंनी असलेली ताकद वाया जाऊ दिली नाही. विमान जमीन सोडत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी लक्ष द्यायचं ते इथे.

तरुण: मग वडनेरच्या वावरात मी नेमकं करू काय? तत्त्व कळलं, विमान अजून खालीच आहे.

लेखक: आधी प्रोपेलर बघ. नागपूरच्या गुळगुळीत मैदानावर तू दहा बाय सातचा लावला असशील, म्हणजे व्यास दहा इंच आणि पिच सात. पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर किती पुढे सरकू पाहतो ते अंतर. अकरा हजार फेऱ्यांना सात इंच पिचचा प्रोपेलर ताशी ११७ किलोमीटरच्या वेगासाठी कापलेला असतो. तुझ्या विमानाचा स्टॉलचा वेग तीस-बत्तीस. इतक्या पिचचं पातं विमान जागेवर उभं असताना हवेला फार तिरकं भिडतं, त्याचा काही भाग स्वतःच स्टॉल होतो आणि इंजिनाची मेहनत हवा ढवळण्यात जाते. त्याच इंजिनावर अकरा बाय पाच लावून बघ. व्यासाचा चौथा घात गुणिले पिच हा इंजिनावरच्या भाराचा ढोबळ हिशेब असतो. दहा बाय सातला तो ७०,००० येतो, अकरा बाय पाचला ७३,२०५. भार जवळपास तोच, फेऱ्या जवळपास त्याच. पण आता मोठ्या वर्तुळातली हवा सावकाश मागे ढकलली जाते आणि कमी वेगात ओढ वाढते. नुसत्या व्यासामुळे आदर्श हिशेबाने सहा-सात टक्के, आणि पात्याचं स्टॉल होणं थांबल्यामुळे त्याहून अधिक. वरचा वेग ताशी ८४ किलोमीटरच्या घरात येतो, शिकाऊ विमानाला तो भरपूर झाला. एक ग्रॅमही न वाढवता, इंजिनाच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात, सिक्स्टी वनने जे मिळणार होतं त्यातला मोठा वाटा मिळाला. विजेची मोटर असेल तर मात्र इथे जपून. तिथे फेऱ्या फारशा कमी होत नाहीत, प्रोपेलर मागेल तेवढा करंट मोटर ओढत राहते. पिच तेच ठेवून व्यास इंचाने वाढवला तर करंट दीडपटीच्या आसपास जाऊ शकतो आणि ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोलर) किंवा लिपो बॅटरी तापून जाते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आधीच तापलेल्या बॅटरीला तेवढी सवड नसते. म्हणून वॅटमीटर लावल्याशिवाय विजेच्या विमानाचा प्रोपेलर बदलू नये.

दुसरी गोष्ट नीडलची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईची. डिसेंबरात जुळवलेली सुई मे महिन्यात चुकीची असते. हवा बारा टक्के कमी आली आणि इंधन तेवढंच राहिलं तर मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त होतं, धूर जास्त निघतो, फेऱ्या उतरतात आणि आपल्याला वाटतं इंजिन म्हातारं झालं. सुई थोडी आत घ्यायची. मग पूर्ण थ्रॉटलवर इंधनाची नळी बोटांत क्षणभर चिमटून सोडायची. चिमटल्यावर आवाज किंचित चढून परत खाली आला तर मिश्रण योग्य बाजूला आहे. आवाज चढलाच नाही आणि नुसता पडला, तर तू फार आत गेलास, लगेच बाहेर ये. त्यानंतर विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करायचं आणि दहा सेकंद आवाज ऐकायचा. तो टिकला पाहिजे. या उन्हात सुई गरजेपेक्षा आत ठेवणारा माणूस पिस्टन-लायनर जाळून बसतो. इंधनात मिथेनॉलबरोबर अठरा-वीस टक्के एरंडेल किंवा कृत्रिम तेल असतं ते वंगणासाठी आणि उष्णता बाहेर नेण्यासाठी. उन्हाळ्यात त्यात काटकसर करू नये. आणखी एक, हे विसरू नकोस: मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. शेजारी वाळलेल्या पऱ्हाट्यांचा किंवा तुऱ्हाट्यांचा ढीग असेल तर तिथे टाकी भरायची नाही, आणि पाण्याचा कॅन जवळ हवा.

तिसरी गोष्ट जमिनीची. माझ्या मते वडनेरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या जमिनीत आहे. भुसभुशीत रानात लहान चाकं रुततात आणि ओढीचा मोठा वाटा चाकं उपसण्यात जातो. तिथे सिक्स्टी वन लावलंस तर विमान उठणार नाही, जास्त जोराने नाकावर पडेल. आपल्याकडे खळं करतात तशी पट्टी करावी: ढेकळं फोडून, पाणी मारून, दाबून, वाळवून. साठ-सत्तर मीटर लांब आणि चार-पाच मीटर रुंद पुरे, आणि ती उन्हाळ्यात तिथे वाहणाऱ्या वाऱ्याच्या दिशेत आखलेली हवी. चाकं अडीच इंचांची असतील तर साडेतीन इंचांची हलकी फोमची लावावीत. उडवायचं सकाळी. साडेसहाच्या सुमाराला तापमान एकोणतीस-तीस अंश असतं तेव्हा हवा दुपारपेक्षा पाच टक्के दाट असते आणि वावटळी उठायच्या असतात. मे महिन्यातल्या सकाळचं हे पाच टक्के घनतेचं दान फुकट आहे, ते सोडून दुपारी दोनला विमान बाहेर काढण्यात काही अर्थ नाही.

तरुण: एक शंका उरते. मोठं इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर निवांत चालतं, म्हणून जास्त टिकतं असं ऐकलंय. शिवाय उद्या मोठं विमान बांधलं तर तेच इंजिन कामी येईल.

लेखक: उद्याचं विमान उद्या बांधशील तेव्हा त्याला साजेसं इंजिन घे. त्यासाठी आजचं विमान जड करणं हा तोट्याचा सौदा आहे. निवांत चालण्याचं म्हणशील तर ग्लो इंजिन सतत अर्ध्या थ्रॉटलवर श्रीमंत मिश्रणात ठेवलं की प्लग तेलकट होतो आणि इंजिन नेमकं वळणावर बंद पडतं. ते टिकतं स्वच्छ इंधनावर, योग्य नीडलवर आणि धुळीपासून जपल्यावर. धूळ वडनेरला मुबलक आहे. मोठ्या इंजिनाची खरी गरज कुठे असते तेही सांगतो, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. प्रोपेलरवर टांगल्यासारखं उभं राहणारं थ्री-डी विमान असेल तर ओढ वजनाच्या दीडपट हवी. ग्लायडर ओढून न्यायचा असेल, फ्लोट लावून तलावातून उठायचं असेल, किंवा शेपटी आखूड असलेलं आणि नाकात तसंही शिसं भरावं लागणारं जुन्या लढाऊ विमानाचं मॉडेल असेल, तर मोठं इंजिन घ्यावं. तिथे शिशाऐवजी कामाचं वजन नाकात बसतं. अभियांत्रिकीच्या मुलांच्या वजन उचलण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, एसएई एरो डिझाइनमध्ये, एका गटात वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच ०.६१ घन इंचाचं इंजिन सक्तीचं होतं. पुढे विजेची मोटर आली तीही ठरावीक वॅटच्या मर्यादेसह. ताकद सगळ्यांची सारखी असूनही कुणाचं विमान दुसऱ्याच्या कितीतरी पट ओझं उचलायचं. तो फरक पडायचा पंखांत, प्रोपेलरमध्ये आणि काटकसरीने बांधलेल्या सांगाड्यात.

कायद्याचंही एका वाक्यात सांगून ठेवतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची, शिक्षणाची मॉडेल विमानं २५ किलोपर्यंत वेगळी ओळखली आहेत, पण ती डोळ्यांच्या टप्प्यातच उडवायची असतात. म्हणून पट्टी महामार्गापासून, विजेच्या तारांपासून आणि गावठाणापासून लांब आख. जड आणि वेगवान विमान वाट चुकलं तर कुणाच्या डोक्यावर जाईल, हा विचार इंजिन निवडतानाच करायचा असतो.

तरुण: हे सगळं केलं, तरी नाहीच उठलं तर?

लेखक: तर इंजिन बदल, पण पेटीवर आखणाऱ्याने लिहिलेली मर्यादा बघून. बाजारात फिफ्टी फाइव्ह मिळतं, नऊ सीसीच्या आसपासचं. काही कंपन्यांनी ते फॉर्टी सिक्सच्याच आकाराच्या धडात बसवलं आहे. भोकं तीच, माउंट तोच, वजनात वाढ थोडी, आणि वडनेरच्या उन्हाने हिरावलेले बारा टक्के बरेचसे भरून निघतात. अकरा बाय पाच, नेमकी सुई, मोठी चाकं, दाबलेली पट्टी आणि सकाळची हवा, एवढं झाल्यावर फिफ्टी फाइव्ह घ्यायला माझी हरकत नाही. सिक्स्टी वन मात्र या विमानासाठी घेऊ नकोस.